विमान निवडायचं कोणासाठी? बारामती-इंदापूरहून लांब पल्ल्याच्या प्रवासाला निघताना

मुलगा न्यू जर्सीत, मुलगी म्युनिचला किंवा टोरांटोला, आणि आई-वडील बारामतीत नाहीतर इंदापुरात. अशा घरांची आता अपूर्वाई राहिलेली नाही. नातवंड झालं की आजी-आजोबा निघतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं कुटुंब निघतं, आणि मग घरात एकच प्रश्न घुमू लागतो: कोणत्या एअरलाइनचं तिकीट काढायचं? सल्ले भरपूर मिळतात. शेजारी, व्याही, तिकीट काढून देणारा एजंट, परदेशातला मुलगा, प्रत्येकाचं मत पक्कं. त्यातली बरीच मतं ऐकीव असतात आणि त्यांचा भुर्दंड नेमका घरातल्या सर्वांत थकलेल्या किंवा सर्वांत लहान माणसाला बसतो.

“आपल्याला आता पुण्याहूनच विमान आहे,” हे त्यातलं पहिलं. विमानाशी या भागाचं नातं तसं जुनं. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाने उभं आहे, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमानांची कंपनी काढली होती. बारामतीत धावपट्टीही आहे, पण तिथे वैमानिक घडतात, नियमित प्रवासी विमान तिथून सुटत नाही. पुण्याचं लोहगाव हा हवाई दलाचा तळ. २०२४ मध्ये तिथे नवं टर्मिनल सुरू झालं, आखाती आणि आग्नेय आशियाई शहरांसाठी मोजकी विमानंही सुटली. लुफ्तान्झाने २००८ मध्ये पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली होती, ती पुढे बंद पडली. त्यामुळे अमेरिका-युरोपला जायचं तर वाट मुंबईवरून, किंवा पुण्याहून दिल्ली गाठून.

म्हणून हिशेब मुंबईच्या टर्मिनलवर सुरू करून चालत नाही, तो पाटसच्या रस्त्यावर सुरू करावा लागतो. बारामती ते मुंबई सुमारे अडीचशे किलोमीटर. इंदापूरकरांना भिगवणवरून सोलापूर महामार्ग धरून आधी पुणं गाठायचं, पुढे द्रुतगती मार्ग, खंडाळ्याचा घाट आणि मुंबईतली गर्दी. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं. दोन गाड्या करून निघालेल्या सहा माणसांना हा टप्पा स्वस्तात पडत नाही. तिकिटात माणशी तीन हजार वाचले आणि परतीचं विमान भलत्या वेळी उतरल्यामुळे हॉटेलात रात्र काढावी लागली, तर वाचलेले पैसे तिथेच संपतात. स्वस्त तिकीट म्हणजे स्वस्त प्रवास, हा समज अशा वेळी महागात जातो.

याच टप्प्यावर तारखेची एक चूक होते आणि ती फार वाईट. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख, रात्री १.५० असं लिहिलेलं असेल, तर घरातून ११ तारखेला दुपारीच निघायला हवं. १२ तारखेच्या संध्याकाळी बॅगा गाडीत चढवणाऱ्याचं विमान अठरा तासांपूर्वीच गेलेलं असतं. तिकीट हातात आलं की निघायचा वार आणि वेळ घरच्या दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावी.

आता “डायरेक्ट फ्लाइट” या शब्दाबद्दल. विमान कंपन्यांच्या भाषेत डायरेक्ट म्हणजे एकाच क्रमांकाचं विमान. ते मध्ये एखाद्या शहरी उतरूही शकतं. कुठेही न उतरता जाणारं ते नॉन-स्टॉप. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची काही विमानं लांबच्या वाटेने जाऊ लागली आणि व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरू लागली. परदेशी कंपन्यांना ही बंदी नव्हती. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवाच थांबवली. हवाई हद्दीची अडचण हे त्यामागचं एक कारण होतं, दुसरं म्हणजे विमानांच्या नूतनीकरणामुळे पडलेली तूट. मागच्या वर्षी शेजारी ज्या विमानाने गेले, ते या वर्षी त्याच वाटेने आणि तितक्याच वेळात जाईल असं धरून चालू नये.

नॉन-स्टॉप सगळ्यांनाच सोयीचं, हेही सरसकट खरं नाही. मुंबई ते न्यू यॉर्क म्हणजे सलग पंधरा-सोळा तास. इंग्रजी न येणाऱ्या आजी-आजोबांना विमान बदलावं लागत नाही, हा मोठाच दिलासा, आणि ते दोघेच जाणार असतील तर थोडे जास्त पैसे मोजून हेच घ्यावं. पण गुडघे धरलेल्या, पायांना सूज येणाऱ्या माणसाला मध्ये उतरून चालायला मिळालं तर बरं वाटतं. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका लांब बसण्याने वाढतो, म्हणून अशा माणसाने निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

विमान बदलायचंच असेल, तर ते कुठे बदलायचं हे बारकाईने पाहावं. तिकीट काढताना नेमकं हेच राहून जातं. दुबईमार्गे गेलं तर पहिला टप्पा जेमतेम तीन-साडेतीन तासांचा आणि दुसरा चौदा तासांच्या घरातला. लेकरू मुंबईत कसंबसं झोपलेलं असतं, ते दुबईत उठवावं लागतं आणि मोठा टप्पा अजून पुढेच असतो. फ्रँकफर्टमार्गे गेलं तर प्रवास जवळजवळ निम्मा-निम्मा होतो, नऊ तास आणि पुन्हा साडेआठ-नऊ तास. अबूधाबीची सोय वेगळी. तिथे २०१४ पासून अमेरिकेच्या इमिग्रेशनची तपासणी विमानात चढण्यापूर्वीच होते आणि अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. सोळा तासांनंतर थकलेल्या आजोबांना न्यू यॉर्कच्या रांगेत उभं करायचं की अबूधाबीला ते उरकून घ्यायचं, हाही एअरलाइन निवडण्याचाच प्रश्न आहे.

दोन विमानांमध्ये किती वेळ हवा? सव्वा तासाची जोड तरुण माणूस पळत गाठतो. व्हीलचेअर मागितलेल्या प्रवाशाला सहसा सर्वांत शेवटी उतरवतात, त्यामुळे त्या कुटुंबाने किमान अडीच-तीन तासांची जोड पाहावी. व्हीलचेअरला पैसे पडतात, ही भीती निराधार आहे. ज्याला चालणं जमत नाही त्याला ही सेवा विनाशुल्क मिळते. मात्र ती तिकिटावर आधी नोंदवावी, निदान दोन दिवस आधी, आणि जिने चढता येतात की नाही हेही सांगावं, कारण या सेवेचे प्रकार वेगळे असतात. केवळ भाषा येत नाही म्हणून सोबत हवी असेल, तर बऱ्याच कंपन्यांकडे मदतनिसाची वेगळी सोय असते, तिची चौकशी करावी.

“नुसतं विमान तर बदलायचंय, व्हिसा कशाला?” हा समज माणसाला मुंबईच्या काउंटरवरूनच परत फिरवतो. अमेरिकेत विमान बदलणाऱ्यालाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. म्हणजे टोरांटोच्या लेकीकडे न्यू यॉर्कमार्गे स्वस्त तिकीट मिळालं, तरी कॅनडाचा व्हिसा एकटा पुरत नाही. लंडनला विमानतळाबाहेर न पडताही भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असणाऱ्यांना त्यातून सूट आहे. युरोपातल्या इतर देशांचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि ते बदलत राहतात, तेव्हा त्या त्या दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

सामानाचं प्रकरण मराठी घरात सर्वांत लांबतं. चकल्या, मसाले, मेतकूट, गोधडी, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू. बॅग वजनकाट्यावरून चार वेळा उतरते-चढते. “तीस किलो मिळतात” असं कुणी सांगितलं, तर ते कोणत्या मार्गावर हे विचारावं. आखाती देशांसाठी सहसा एकूण वजन मोजतात. अमेरिका-कॅनडासाठी बॅगा मोजतात, बहुतेक तिकिटांवर २३ किलोच्या दोन. सर्वांत स्वस्त भाड्यात एकच बॅग मिळण्याचे प्रकारही वाढले आहेत. तिकिटाचे आठ हजार वाचवून दुसऱ्या बॅगेला दहा हजार भरण्यात काही अर्थ नाही. एकट्या बॅगेचं वजन ३२ किलोंपुढे सहसा कुणीच घेत नाही, जादा पैसे दिले तरी. ती उचलणाऱ्या हमालाच्या पाठीसाठी हा नियम आहे.

खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरीच ठेवाव्यात. हवाई वाहतुकीच्या नियमांत सुकं खोबरं आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडतं. त्यात तेल असतं, कोंडलेल्या जागी ते तापतं. धोकादायक मालाच्या यादीत त्याला १३६३ हा क्रमांक आहे आणि वर्ग ४.२. “अमुक एअरलाइन चालवून घेते” याला अर्थ नाही, नियम सगळ्यांना एकच. क्ष-किरण तपासणीत वाट्या दिसल्या, तर बांधलेली बॅग तिथेच उघडावी लागते.

आणि बॅग मुंबईत दिली की थेट मुलाच्या गावी मिळते, असंही नाही. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल, तिथे साधारणपणे सगळ्या बॅगा पट्ट्यावरून उचलून कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. शिकागोला उतरून डॅलसला जाणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांना चार जड बॅगा ओढणं झेपेल का, हे तिकीट काढतानाच पाहिलेलं बरं.

इंदापूर-बारामतीवरून तुकोबांची पालखी जाते. या पट्ट्यात माळकरी घरं पुष्कळ, आणि जेवणाच्या रकान्यातला गैरसमज त्यांना फार जिव्हारी लागणारा आहे. यादीत “हिंदू मील” दिसतं, मुलगा भक्तिभावाने त्यावर खूण करतो, आणि विमानात आजीसमोर कोंबडी किंवा मटण येतं. विमान कंपन्यांच्या परिभाषेत हिंदू मील, म्हणजे एचएनएमएल, हे सहसा मांसाहारी जेवण असतं, फक्त गोमांस नसलेलं. माळकरी माणसासाठी एशियन व्हेजिटेरियन, म्हणजे एव्हीएमएल, निवडावं. कांदा-लसूण नको असेल तर जैन जेवण, व्हीजेएमएल. नुसतं व्हीजीएमएल म्हटलं तर दूध-दही-तूपही नसलेलं जेवण येतं. ही नोंद किमान एक-दोन दिवस आधी आणि दोन्ही टप्प्यांसाठी झालेली आहे ना, हे तपासावं. दुसऱ्या टप्प्याचं विमान भागीदार कंपनीचं असेल, तर नोंद तिथपर्यंत पोचली की नाही हे खास विचारावं.

भागीदार कंपनीवरून आणखी एक गोष्ट निघते. तिकिटावर नाव एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं, ही पद्धत सर्रास आहे. तिला कोडशेअर म्हणतात. नावाजलेली कंपनी म्हणून तिकीट घेतलं आणि आत सीट, जेवण, कर्मचारी सगळं वेगळं, असं होतं ते यामुळे. तिकिटावर “ऑपरेटेड बाय” पुढे काय लिहिलंय ते वाचावं. प्रत्यक्षात तीच तुमची एअरलाइन.

दोन वर्षांच्या आतलं बाळ मांडीवर बसतं आणि आंतरराष्ट्रीय तिकीट सहसा मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास पडतं. पण ते फुकट नसतं, आणि परतीच्या दिवसाआधी बाळाला दोन वर्षं पूर्ण होणार असतील तर परतीला त्याची वेगळी सीट घ्यावीच लागते. भिंतीला लावायचा पाळणा कंपनीगणिक वेगळा असतो. वजनाची आणि लांबीची मर्यादा वेगळी, संख्या मोजकी. दहा महिन्यांचं गुटगुटीत बाळ एका कंपनीच्या पाळण्यात मावतं, दुसरीच्यात मावत नाही. थोड्या मोठ्या मुलांबाबत एप्रिल २०२४ मध्ये भारताच्या नागरी विमान महासंचालनालयाने विमान कंपन्यांना बजावलं आहे की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी एकाजवळ तरी जागा द्यावी. पीएनआर तोच, हे महत्त्वाचं. एजंटाने स्वस्त पडतं म्हणून कुटुंबाची तिकिटं दोन पीएनआरमध्ये फोडली, तर हा आधार सुटतो.

तिकीट एकत्र असण्याचं मोल सर्वांत जास्त कळतं ते गडबड झाल्यावर. २३ जून २०२५ च्या रात्री कतारसह आखातातल्या काही देशांनी हवाई हद्द अचानक बंद केली आणि दोहाकडे निघालेली विमानं भलतीकडे उतरवावी लागली. अशा वेळी मुंबईपासून शेवटच्या शहरापर्यंत एकच तिकीट असेल, तर पुढची व्यवस्था लावणं ही कंपनीची जबाबदारी. मुंबई-दोहा एका तिकिटावर आणि पुढचं दुसऱ्या कंपनीचं वेगळं काढलेलं असेल, तर चुकलेलं विमान म्हणजे बुडालेलं तिकीट.

“उशीर झाला तर कोण विचारतो आपल्याला?” असं म्हणून माणसं गप्प बसतात. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम विचारतो. म्युनिचच्या लेकीकडे जाताना मुंबईहून युरोपीय कंपनीचं विमान घेतलं आणि कंपनीच्या चुकीने पोचायला चार तासांहून अधिक उशीर झाला, तर माणशी ६०० युरो मागता येतात. तोच प्रवास भारतीय किंवा आखाती कंपनीने केला तर जाताना हा हक्क नाही. येताना मात्र आहे, कारण युरोपातून सुटणाऱ्या प्रत्येक कंपनीला तो लागू होतो. ब्रिटननेही वेगळं झाल्यावर असाच कायदा ठेवला. प्रवासाची दोन्ही टोकं युरोपबाहेर असली, म्हणजे फ्रँकफर्टला केवळ विमान बदलून अमेरिकेला गेलं, तर हा नियम लागत नाही.

बॅग हरवण्याबाबतचा माँट्रियल करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला. डिसेंबर २०२४ पासून त्यातली कमाल भरपाई माणशी १,५१९ एसडीआर आहे, म्हणजे दीड लाख रुपयांच्या वर. ती सरसकट मिळत नाही, नुकसान दाखवावं लागतं. बॅग फुटून आली तर मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिरा आली तर २१ दिवसांत लेखी तक्रार हवी. आणि बॅग पट्ट्यावर आलीच नाही, तर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वी कंपनीच्या काउंटरवर नोंद करून तिची प्रत खिशात ठेवावी, बाहेर नातवंडं कितीही वाट पाहत असली तरी.