गुडमारचे पान आणि रक्तातील साखर

गुडमारचे ताजे पान चावून लगेच साखरेचे चार दाणे जिभेवर ठेवले, तर ते वाळूसारखे बेचव लागतात. जे पान तोंडातली गोडी मारते ते रक्तातली साखरही मारणार, हा समज इथेच रुजला आणि मधुनाशिनी या गुडमारच्याच दुसऱ्या नावाने तो पक्का केला. प्रत्यक्षात पानातील जिम्नेमिक आम्ले गोड चव ओळखणाऱ्या जिभेवरच्या ग्राहींना काही वेळ अडवतात. साधारण अर्ध्या तासात चव परत येते, आणि गिळलेली साखर पोटात जायची ती जातेच. गुडमार रक्तशर्करा उतरवतो का, हा निराळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर रक्त तपासूनच मिळते. कडू कारले गोडाचा उतारा, हाही जिभेने काढलेलाच निष्कर्ष. कारल्यावरील मानवी चाचण्यांच्या २०१२ मधील कॉक्रेन आढाव्यात टाइप २ मधुमेहासाठी पुरेसा पुरावा आढळला नाही.

‘प्रयोगशाळेत सिद्ध’ या शब्दांचाही अर्थ बहुधा चुकीचा लावला जातो. आतड्यात ग्लुकोज सुटे करणाऱ्या अल्फा-ग्लुकोसिडेज या विकराला अर्क रोखतो का, हे परीक्षानळीत पाहणे ही स्वस्त पहिली पायरी. त्यासाठी बहुतेकदा यीस्टमधले विकर वापरतात. ते माणसाच्या विकराहून वेगळे असते. शिवाय अर्कातील टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतात, त्यामुळे निकाल उगाच आशादायक दिसतो.

पुढची पायरी पांढऱ्या उंदरांची. त्यांना स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारतात. हा आजार टाइप १ च्या जवळ जातो, तर बहुतेक रुग्णांना टाइप २ असतो. त्यात इन्शुलिन असूनही ते पुरेसे काम करत नाही. मात्रेचा हिशेबही पाहावा. उंदराला किलोमागे ५०० मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास ५ ग्रॅम अर्क लागेल. चिमूटभर चूर्णाचा त्याच्याशी मेळ बसत नाही.

माणसांवर चाचणी झाली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. बिवळ्याच्या, म्हणजे विजयसाराच्या, लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले तांबूस पाणी सकाळी पिण्याची पद्धत जुनी आहे. याच विजयसाराच्या अर्कावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्याने निदान झालेल्या ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. आकडा दखल घेण्याजोगा आहे, पण चाचणी खुली होती आणि तिच्यात तुलनेचा गट नव्हता. निदान होताच माणूस गोड सोडतो, चालायला लागतो, आणि तेवढ्यानेही साखर उतरते. हा वाटा वेगळा काढायला तुलनेचा गट लागतो. परिषदेने पुढे टोल्ब्युटामाइड या औषधाशी तुलनाही केली, हे योग्यच झाले. मात्र तपासला गेला तो मोजून दिलेला अर्क. पेल्यातल्या पाण्यात किती द्रव्य उतरते ते लाकूड, पाणी आणि पेला किती जुना आहे यावर ठरते.

वनस्पती आणि आधुनिक औषध यांचे वैर आहे, हा समज मेटफॉर्मिनच्या इतिहासापुढे टिकत नाही. युरोपातल्या गॅलेगा या औषधी झुडपातील गॅलेगीन साखर उतरवते, पण ते विषारी आहे. हे झुडूप खाऊन मेंढ्या दगावतात. त्याच कुळातले मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९५७ मध्ये ज्याँ स्टर्न यांनी पॅरिसमध्ये ते रुग्णांवर वापरल्याचे मांडले. म्हणजे झाडाने दिशा दाखवली, औषध मात्र प्रयोगशाळेत घडवलेल्या वेगळ्या रेणूचे झाले.

‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ हा समज सर्वांत घातक. मधुमेहावरच्या काही ‘शुद्ध वनौषधी’ चूर्णांत ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारे आधुनिक औषध मिसळलेले सापडले आहे. असे चूर्ण चटकन गुण देते. तोच रुग्ण डॉक्टरांची गोळीही घेत असेल, तर साखर एकदम खाली येऊन घाम फुटतो, हात थरथरतात आणि शुद्धही हरपते.