शेवटची ओळ

मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवायचं तर आधी डीबीएसचा फॉर्म भरावा लागतो, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी एक नवी शिक्षिका तो भरताना कुरकुरत होती. "मुलांना बाराखडी शिकवायला माझी एवढी चौकशी कशाला?" मी शेजारीच बसले होते. म्हटलं, "अगं, तुझ्या नावापुढे कुठे काही लिहिलंय का, एवढंच बघतात." त्यावर तिनं विचारलं, "पण ते लिहितं कोण?"

मी हसून चहाचा कप पुढे केला. कारण बरीच वर्षं ते लिहिणाऱ्यांपैकी मी एक होते, आणि तेही लष्करी पोलिसांसाठी.

गणपतीत कोणी विचारलं की मी "डेटाचं काम" एवढंच सांगत असे. मिलिटरी पोलीस म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग बंदूक चालवता येते का हो तुम्हाला?" माझ्या हातात कीबोर्डाखेरीज काही नव्हतं. मी वर्दीतली नव्हे, साधी नागरी कर्मचारी. आता निवृत्त झाल्यावर अंकाच्या संपादकांनी पिच्छा पुरवला, म्हणून लिहिते आहे. कुठल्या कार्यालयात होते ते मात्र सांगणार नाही. काही सह्या निवृत्तीनंतरही पाळायच्या असतात.

खरं तर हे काम मी इथं शिकले असं म्हणताच येणार नाही. माझे बाबा सातारा जिल्ह्यात पोलीस हवालदार होते आणि नोकरीतली निम्मी वर्षं त्यांनी 'रायटर' म्हणून काढली. तपास साहेबांचा, लिखाण रायटरचं. फिर्याद, पंचनामा, जबाब, सगळं त्यांच्या हातचं. घरी दुधाचा हिशोबसुद्धा तारीख, वेळ आणि सही घालून लिहायचे. आई वैतागायची, "अहो, संसार आहे हा, स्टेशन डायरी नव्हे!"

बाबांचं एक म्हणणं होतं. "गुन्हा दाखल होताना ठाण्यात गर्दी असते. निकालाचा शेरा लिहायच्या वेळी कोणी नसतं. म्हणून रजिस्टरात पहिली ओळ सगळ्यांची भरलेली असते, शेवटची बघ किती जणांची आहे ते." तेव्हा मला ते कंटाळवाणं वाटायचं. पुढे तीस वर्षं मी त्याच ओळीच्या मागे असणार आहे, हे कुठे माहीत होतं!

आता इथली पद्धत थोडक्यात सांगते. ब्रिटनच्या तिन्ही दलांचे स्वतःचे पोलीस आहेत. भूदलाचे रॉयल मिलिटरी पोलीस, ज्यांना लाल टोपीमुळे 'रेडकॅप' म्हणतात, आणि नौदलाचे व हवाई दलाचे वेगळे. ३१ ऑक्टोबर २००९पासून २००६चा आर्म्ड फोर्सेस ॲक्ट लागू झाला आणि तिन्ही दलांना एकच कायदा आला. या कायद्याची गंमत अशी, की जवान सायप्रसमध्ये असो की ब्रुनेईत, इंग्लंड-वेल्समध्ये जो गुन्हा तो त्याच्यासाठी तिथंही गुन्हाच. किरकोळ प्रकरण कमांडिंग ऑफिसर स्वतः ऐकतो. त्याला २८ दिवसांपर्यंत, आणि वरून परवानगी मिळाली तर ९० दिवसांपर्यंत डिटेन्शन देता येतं. मोठं प्रकरण लष्करी सरकारी वकिलांकडे जातं आणि तिथून बुलफोर्डला किंवा कॅटरिकला कोर्ट मार्शलपुढे उभं राहतं. डिटेन्शनची शिक्षा झालेले कोल्चेस्टरला जातात. डिसेंबर २०२२पासून बलात्कार, खून अशा गंभीर गुन्ह्यांच्या तपासाला तिन्ही दलांचं मिळून डिफेन्स सिरियस क्राइम युनिट सुरू झालं आहे.

यातल्या प्रत्येक पायरीवर कागद तयार होतो. पण तो कागद बराकीच्या कुंपणाआतच राहिला तर उपयोग काय? आजचा जवान उद्या लष्कर सोडून शाळेत, इस्पितळात, वृद्धाश्रमात कामाला लागतो. साध्या पोलिसांकडे १९७४पासून पोलीस नॅशनल कॉम्प्युटर आहे आणि डीबीएसची तपासणी त्यातूनच होते. लष्करातली अटक, आरोप, निकाल हे तिथं कोणीतरी चढवावे लागतात. त्यासाठी सर्व्हिस पोलीस क्राइम ब्युरो नावाचं खास कार्यालय आहे. प्रत्येक गोष्ट तिथं जात नाही आणि जाऊही नये. परेडला उशिरा आलेल्या पोराला आयुष्यभर गुन्हेगार ठरवायचं नसतं. काय पाठवायचं, काय नाही, कधी पाठवायचं आणि कधी काढून टाकायचं, यालाच या कामात सांभाळणं म्हणतात.

हे न सांभाळल्यावर काय होतं, ते ५ नोव्हेंबर २०१७ला अमेरिकेत दिसलं. टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्ज या लहानशा गावात रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी एक माणूस चर्चमध्ये शिरला आणि त्यानं गोळीबार केला. २६ बळी गेले, त्यात पोटातलं एक मूलही धरलं आहे. हा माणूस पूर्वी हवाई दलात होता. बायकोला आणि तिच्या लहान मुलाला मारहाण केल्याबद्दल २०१२मध्ये कोर्ट मार्शलनं त्याला दोषी ठरवलं होतं. अशा माणसाला तिथल्या कायद्यानं बंदूक विकत घेता येत नाही. पण दुकानदारानं नाव तपासलं तेव्हा पडद्यावर काहीच आलं नाही. हवाई दलानं त्याच्या बोटांचे ठसे आणि निकाल एफबीआयकडे पाठवलेच नव्हते. एकदा नव्हे, तपासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर मिळून सहा वेळा ती संधी हुकली होती.

त्यानंतर महिन्याभरात अमेरिकी संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांचा एक अहवाल आला. सर्व सैन्यदलांच्या मिळून २,५०२ दोषी ठरलेल्यांची प्रकरणं त्यांनी तपासली होती. त्यातल्या ६०१ जणांचे ठसे आणि ७८० जणांचे निकाल पाठवलेले नव्हते. पुढे २०२१मध्ये न्यायालयानं या हत्याकांडाची ६० टक्के जबाबदारी अमेरिकी सरकारवर टाकली. गोळ्या झाडणाऱ्यापेक्षा जास्त! तो निकाल वाचला त्या दिवशी मी जेवणाचा डबा न उघडताच परत आणला. त्या कार्यालयांतही माझ्यासारखीच माणसं असणार. वाईट नसणार. दुपारी चार वाजता "हे उद्या करू" म्हणणारी.

आता माझ्याबद्दल. दुसऱ्याच्या चुका सांगून स्वतःची लपवली तर बाबांना आवडणार नाही.

एके काळी आमच्याकडे एकाच आडनावाचे, एकाच आद्याक्षरांचे दोन गुरखा जवान होते. आपल्याकडे पाटील जितके, तितकी त्यांच्याकडे काही आडनावं. म्हणून तर सर्व्हिस नंबर असतो. त्यातल्या एकावर आरोप होता आणि कोर्ट मार्शलमध्ये तो निर्दोष सुटला. निकालाचा कागद माझ्याकडे आला, मी नंबर टाइप केला आणि शेवटचे दोन आकडे उलटे पडले. निकाल दुसऱ्याच्याच फाइलला लागला. पहिल्याच्या नावापुढे 'आरोप ठेवला' एवढंच राहिलं. पुढची जागा कोरी.

सात महिन्यांनी त्याच्या पत्नीचा फोन आला. ती चिडलेली नव्हती, तेच जास्त लागलं. तोडक्या इंग्रजीत ती एवढंच विचारत होती, की साहेबांनी निर्दोष म्हटलं, मग नोकरीचा कागद का येत नाही? त्यानं लष्कर सोडलं होतं, इस्पितळात पोर्टरची नोकरी ठरली होती आणि तपासणी अडकून बसली होती. तिच्या बोलण्यात मध्येच हिंदी आली, म्हणून मीही हिंदीत बोलले. मग ती रडली.

चूक शोधायला वीस मिनिटं लागली. दुरुस्ती त्याच दिवशी झाली. मी वरिष्ठांना लिहून कळवलं, की ही माझ्या हातून झाली आहे. पण इस्पितळातली ती जागा तोवर दुसऱ्याला गेली होती. त्याला पुढे दुसरीकडे काम मिळालं असं ऐकलं. त्या सात महिन्यांत त्यांच्या घरी काय झालं असेल, ते मी कधी विचारलं नाही. धीरच झाला नाही.

रात्री साताऱ्याला फोन लावला. बाबा तेव्हा होते. सगळं ऐकून घेतलं. कोणी पकडली चूक, साहेब काय म्हणाले, नोकरीवर काही येणार नाही ना, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "त्याला लेखी कळवलंत का?" मी म्हटलं, पत्र जाणार आहे. "जाणार आहे नको. गेलं का ते सांग." दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र गेलं आणि मी साताऱ्याला तसा निरोप दिला. आजही कधी ऑल्डरशॉटला गेले, की बाकावर बसलेली वयस्कर नेपाळी जोडपी दिसतात आणि मी नकळत चेहरे निरखते. ओळखणार कशी? आमची कधी गाठच पडली नव्हती.

शेवटची ओळ राहून गेली की असं होतं. पण संपूर्ण पानच फाडलं तर? तेही या देशात घडलं आहे. १२ जानेवारी २०००पर्यंत ब्रिटिश सैन्यदलांत समलिंगी व्यक्तींना बंदी होती. संशय आला की तपास लष्करी पोलीस करत. खोलीची झडती, खासगी पत्रं जप्त, तासन्‌तास प्रश्न. कित्येकांची नोकरी गेली, कित्येकांची पदकं गेली. पुढे बंदी उठली आणि २०१०च्या सुमारास या तपासांच्या नोंदी नष्ट करण्यात आल्या. वरवर पाहता हे बरंच झालं म्हणायचं. जो गुन्हाच नाही, त्याचा कलंक कागदावर कशाला? पण लॉर्ड एथर्टन यांचा अहवाल १९ जुलै २०२३ला आला, पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात भरपाईची योजना निघाली, आणि सत्तरीतली माणसं अर्ज घेऊन बसली. तुमच्यावर अन्याय झाला याचा कागद? तो जाळणाऱ्यांनी जाळला होता. अन्यायाची नोंद पुसली की अन्याय पुसला जात नाही. ज्याच्यावर झाला त्याचा पुरावा तेवढा जातो.

याच्या उलट एक उदाहरण लंडनमध्येच आहे. क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पहिल्या महायुद्धातल्या कोर्ट मार्शलच्या फायली आहेत. पळून गेला, घाबरला, पहाऱ्यावर झोपला अशा आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना २००६च्या त्याच आर्म्ड फोर्सेस ॲक्टच्या ३५९व्या कलमानं माफी दिली. त्या कलमात १९११च्या इंडियन आर्मी ॲक्टचंही नाव आहे, म्हणजे आपल्याकडचे शिपाईही त्यात धरले आहेत. त्या फायली कोणी फाडल्या नाहीत. माफीचा कागद त्यांना जोडला. काय झालं होतं तेही राहिलं आणि ते चुकीचं होतं हेही आलं. शेवटची ओळ नव्वद वर्षांनी का होईना, लिहिली गेली.

वाचकांसाठी एक कामाची गोष्ट सांगून थांबते. पोलीस नॅशनल कॉम्प्युटरवर आपल्याविषयी काय आहे, हे इथं कोणालाही विचारता येतं. ॲक्रो नावाच्या कार्यालयाकडे अर्ज करायचा, त्याला पैसे पडत नाहीत. (परदेशी व्हिसासाठी लागतं ते ॲक्रोचं पोलीस सर्टिफिकेट वेगळं, त्याला पडतात.) कधी काळी काही घडलं असेल, निर्दोष सुटला असाल, तर निकाल लागला आहे ना ते बघून घ्या. नसेल तर लेखी कळवा, आणि उत्तर येईपर्यंत सोडू नका. तिकडे टेबलावर बसलेली बाई वाईट नसते, पण तिच्यापुढे तुमच्यासारखे पुष्कळ असतात.

आणि हो, त्या नव्या शिक्षिकेचं सर्टिफिकेट तीन आठवड्यांनी आलं. मला दाखवून म्हणाली, "बघा, काहीच लिहिलेलं नाही! उगीच एवढा खटाटोप." मी म्हटलं, "छान झालं." मग ती फळ्याकडे वळली आणि मुलांनी 'क'पासून सुरुवात केली.