ऑर्मोलूमंडित पोर्सेलीन

सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझच्या बैठका, कडा, मुठी इत्यादींनी मढविलेली पोर्सेलीनची पात्रे. ‘ऑर्मोलू’ ही संज्ञा ‘दळलेले सोने’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून आली. अठराव्या शतकात पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी या कलेस उत्तेजन दिले. ते चिनी व जपानी पात्रे मढवून घेत. पुढे जर्मनीतील माइसेन (स्थापना १७१०) व फ्रान्समधील सेव्हर येथील पात्रेही मढविली जाऊ लागली. मढविल्याने ठिसूळ कडांचे रक्षण होई आणि पौर्वात्य पात्र फ्रेंच दालनाच्या सजावटीशी जुळे.

सोने व पारा यांचे पारदमेल ओतीव, कोरीव ब्राँझवर लावून तापवीत. पारा उडून जाई व सोने पृष्ठभागावर टिकून राही. पाऱ्याच्या विषारी वाफेमुळे कारागिरांचे हातपाय कापू लागत व प्रकृती ढासळे. आंत्वान राव्ह्रिओ (मृत्यू १८१४) या ब्राँझकाराने यावरील उपायासाठी मृत्युपत्रान्वये पारितोषिक ठेवले. वाफ धुराड्यातून वर ओढून नेणाऱ्या भट्टीबद्दल ते रसायनज्ञ दार्से यांना मिळाले. १८४० नंतर विद्युत् विलेपनाचा प्रसार होऊन जुनी पद्धत मागे पडत गेली.

पात्र व मढवण एकाच काळातील असतेच असे नाही. १७४५–४९ मधील फ्रेंच ब्राँझवर आढळणारी मुकुटयुक्त ‘सी’ अक्षराची करमुद्रा कालनिश्चितीस उपयुक्त ठरते. यूरोपीयांना मोहविणाऱ्या चिनी व जपानी पोर्सेलीनचे नमुने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटा संग्रहांत आहेत.