पाण्यातला ड्रॅगन

परवा बाह्यरुग्ण विभागात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला एक आजी आल्या होत्या. सोबत सातवीतला नातू. रांगेत बसून तो टोल्किन यांचं ‘द हॉबिट’ वाचत होता. आजींचा रक्तदाब मोजत असताना त्याने विचारलं, “डॉक्टरकाका, ड्रॅगन खरंच असू शकतो का हो?”

दवाखान्यात असा प्रश्न क्वचितच येतो. मलाही थोडा उत्साह आला.

टोल्किन यांच्या काल्पनिक जगात ड्रॅगनचा स्वतःचा इतिहास आहे. मॉर्गोथ नावाच्या दुष्ट शक्तीने त्यांना घडवलं. पहिला ग्लाउरुंग. त्याला पंख नव्हते, पण आग होती आणि नजरेत भुरळ होती. पंखांचे ड्रॅगन नंतर आले. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉबिट’मधला स्मॉग त्यांच्यातलाच. सोन्याच्या ढिगावर लोळून त्याच्या पोटाला हिऱ्यामाणकांचं चिलखत चढलं होतं. फक्त छातीच्या डाव्या बाजूला एक जागा उघडी राहिली. तिथेच बाण लागला आणि तो तळ्यात कोसळून मेला. ग्लाउरुंगही पोटाखालून झालेल्या वारानेच संपला. म्हणजे ड्रॅगन कितीही मोठा असला, तरी त्याची एखादी जागा उघडी असतेच.

शरीरशास्त्राच्या हिशेबात मात्र स्मॉग बसत नाही. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या शरीराची मांडणी चार अवयवांची आहे. पक्षी आणि वटवाघूळ यांचे पंख म्हणजे त्यांचे बदललेले पुढचे पायच. चार पाय आणि वर दोन पंख हा हिशेब कुठेच जुळत नाही. आगीचं म्हणाल, तर बॉम्बार्डियर नावाचा भुंगा शरीरातली रसायनं एकत्र करून जवळजवळ उकळत्या पाण्याइतका गरम फवारा शत्रूवर सोडतो. ज्वाळा मात्र कोणताही प्राणी काढत नाही.

मुलगा हिरमुसला. मग मी म्हटलं, “पण एक ड्रॅगन खरा आहे. मी पाहिलाय.”

त्याचं शास्त्रीय नाव ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस. ड्रॅकन्क्युलस म्हणजे लॅटिनमध्ये ‘छोटा ड्रॅगन’. मराठीत आपण त्याला नारू म्हणतो.

हे नाव ऐकताच आजींनी पायाच्या घोट्याकडे बोट दाखवलं. “नारू म्हणता का डॉक्टर? आमच्या गावात लई होता. ही बघा त्याची खूण.”

पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा जीव असतो. नारूच्या अळ्या त्याच्या पोटात वाढतात. असं पाणी न गाळता प्यायलं, की पोटात सायक्लॉप्स मरतो आणि अळ्या मोकळ्या होतात. त्या आतड्याची भिंत ओलांडून शरीरात शिरतात. पुढे सुमारे वर्षभर काहीच कळत नाही. दरम्यान मादी दोन-तीन फूट लांब होते आणि बहुधा पायाच्या कातडीखाली येते. तिथे फोड येतो आणि पेटल्यासारखी आग होते. आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवतो. मादी त्याचीच वाट पाहत असते. पाणी लागताच ती लाखो अळ्या त्यात सोडते आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, मी असा एक रुग्ण पाहिला. पायातून बाहेर आलेला पांढरा दोरा काडीला गुंडाळलेला होता आणि रोज थोडा थोडा ओढायचा होता. घाईत तुटला, तर पाय सुजून पू होणार. या रोगावर तेव्हा औषध नव्हतं, लस नव्हती, आजही नाही. नारूने माणूस सहसा मरत नसे. पण शेतीची कामं तोंडावर असताना घरातला कर्ता अंथरुणाला खिळला, की त्या घराचं वर्ष बुडे.

या ड्रॅगनची उघडी जागा होती पाणी. १९८३-८४ मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली, तेव्हा भारतात वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण होते. आरोग्य कर्मचारी गावोगाव फिरून रुग्ण शोधू लागले. पायऱ्यांच्या विहिरींत लोक पाय बुडवून पाणी भरत. त्या बंद करून हातपंप बसवले. पाण्यात सायक्लॉप्स मारणारं औषध टाकलं. घरोघरी पाणी फडक्यातून गाळायला शिकवलं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त जाहीर केलं. जगभरात ऐंशीच्या दशकात वर्षाला सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये फक्त १४. आफ्रिकेतल्या चाडमध्ये कुत्र्यांनाही नारू होत असल्याचं दिसल्यामुळे शेवटचा टप्पा रेंगाळला आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. फडक्याने सायक्लॉप्स अडतो, जंतू अडत नाहीत. कावीळ, विषमज्वर आणि गॅस्ट्रोचे रुग्ण आजही दर पावसाळ्यात आमच्या वॉर्डात येतात. त्यामुळे शंका असेल, तर पाणी गाळा आणि उकळाही, किंवा त्यात सांगितलेल्या प्रमाणात क्लोरीन टाकून अर्धा तास थांबा. गावच्या टाकीत पावडर वेळेवर पडते का, हे विचारत राहा.

निघताना मुलाने आजीच्या घोट्यावरची खूण वाकून नीट पाहिली. “आजी, तुला ड्रॅगन चावला होता?”

“चावला कसला, प्यायले होते मी त्याला,” आजी म्हणाल्या आणि औषधांच्या खिडकीकडे वळल्या.