वाट की वात?

दिवाळीच्या कार्यक्रमात आमच्यातला एक जण मोठ्याने म्हणाला, "आजी, मी देवापुढे वाट लावली!" सगळी मोठी माणसे हसली. त्याला मात्र कळेना, काय चुकले. म्हणायचे होते 'वात'. बाईंनी दोन्ही शब्द पुन्हा म्हणून दाखवले, तरी आमच्यापैकी काहींना ते सारखेच ऐकू आले. मग आम्ही ठरवले, हे कोडे सोडवायचेच.

'त' म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकते. 'ट' म्हणताना ते वर वळून टाळूला लागते. पण ऐकणाऱ्याला जीभ दिसत नाही, फक्त आवाज मिळतो. 'वाट' म्हणताना 'आ' संपायच्या आधीच जीभ वळू लागते. तोंडातली पोकळी बदलते आणि 'आ'च्या शेवटचा नादही बदलतो. म्हणजे 'ट'ची खूण त्याच्या आधीच्या 'आ'मध्येही असते! आहे की नाही गंमत? ही खूण सेकंदाच्या काही शतांश भागांत येऊन जाते. इंग्रजीत ट-त मुळे शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून इंग्रजीला सरावलेला कान तिकडे लक्षच देत नाही.

कान हे केव्हा शिकतो? जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. आवाज बदलल्यावर बाळाने मान वळवली, की त्याला खेळण्यातला प्राणी दिसे. १९८४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांना मात्र वर्षाच्या सुमारासही तो कळत होता. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात, अगदी लहानपणी हिंदी कानांवर पडलेल्या मोठ्या विद्यार्थ्यांनाही हा फरक ओळखता आला.

म्हणजे अशी चूक जिभेची वाटली, तरी तिची सुरुवात कानात असू शकते. म्हणून हसू नका, पुन्हा म्हणून दाखवा. घरी तान्हे भावंड असेल तर 'त्याला काय कळतंय' म्हणू नका. त्याच्याशी मराठीत बोला. त्याचा कान शिकत असतो.

आता जोडीने खेळा. एकाने पाठ फिरवून ऐकायचे, दुसऱ्याने म्हणायचे: वात-वाट, दात-दाट, ताक-टाक. दहापैकी किती बरोबर आले, ते पुढच्या शनिवारी वर्गात सांगा!