मुरूम, जांभा आणि जंगल : कागल परिसरातील कच्चे मार्ग व ग्रॅव्हल सायकलिंग

प्रस्तावना :

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत ही पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गालगत कागल व हातकणंगले या दोन तालुक्यांत वसलेली आहे. कसबा सांगाव, तळंदगे, हुपरी, पट्टणकोडोली ही गावे तिच्या अवतीभवती आहेत. वसाहतीतील रुंद डांबरी रस्ते संपले की उसाच्या फडांमधून जाणाऱ्या पाणंदी सुरू होतात. नैऋत्येला मुरगूड, मुदाळतिट्टा, राधानगरी या मार्गाने गेल्यास सपाट बागायती प्रदेश मागे पडून जांभ्या दगडाची पठारे आणि दाजीपूरचे अरण्य लागते. एकाच जिल्ह्यात भूरूपांचे एवढे वैविध्य असल्यामुळे कच्च्या रस्त्यावरील सायकल प्रवास, म्हणजेच ज्याला आज 'ग्रॅव्हल सायकलिंग' म्हटले जाते, तो येथे कसा होऊ शकतो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. हा विषय केवळ क्रीडेचा नसून तो भौतिकशास्त्र, भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि जमीनविषयक धोरण यांना स्पर्श करणारा आहे.

संकल्पना व पार्श्वभूमी :

खडी, मुरूम किंवा माती यांच्या न डांबरलेल्या रस्त्यावरून दीर्घ अंतर सायकलने कापणे म्हणजे ग्रॅव्हल सायकलिंग होय. शर्यतीच्या सायकलीचे वाकडे हँडल, साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीचे टायर, डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर ही या सायकलीची प्रमुख वैशिष्ट्ये आहेत. डोंगरी सायकलीप्रमाणे तिला सहसा स्प्रिंगचा काटा नसतो.

या प्रकाराचा इतिहास मात्र नावापेक्षा जुना आहे. इंग्लंडमध्ये १९५५ साली 'रफ स्टफ फेलोशिप' ही कच्च्या वाटांवरून सायकल चालविणाऱ्यांची संस्था स्थापन झाली. इटलीतील टस्कनी प्रांतात पांढऱ्या मातीचे जुने रस्ते टिकावेत या हेतूने १९९७ पासून 'लेरोइका' हा सायकल सोहळा सुरू झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्लिंट हिल्स या गवताळ प्रदेशातील २०० मैलांची शर्यत २००६ मध्ये सुरू झाली, आणि आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने ऑक्टोबर २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली.

आपल्याकडे हा शब्द नवा असला तरी व्यवहार नवा नाही. दूधवाले, कामगार आणि शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जी काळी, दणकट सायकल वापरत आले, तिच्या टायरचे माप '२८ बाय दीड' असे सांगितले जाते. दीड इंच म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर. आजच्या ग्रॅव्हल सायकलीच्या टायरची रुंदी नेमकी याच टप्प्यात येते. डांबरी रस्ते गावोगाव पोहोचण्यापूर्वी मुरुमावर व गाडीवाटेवर चालण्यासाठी हेच माप सोयीचे ठरले होते.

चाक व पृष्ठभाग यांचा संबंध :

रुंद टायर कच्च्या रस्त्यावर का उपयोगी पडतो, हे एका साध्या हिशेबाने समजते. सायकल व स्वार यांचे एकत्रित वजन ९० किलो धरल्यास मागील चाकावर सुमारे ५० किलो भार येतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो असेल, तर हा भार पेलण्यासाठी जमिनीशी साधारण ८ चौरस सेंटिमीटर संपर्क पुरतो. दाब अडीच किलोवर आणल्यास संपर्काचे क्षेत्र २० चौरस सेंटिमीटर होते. अरुंद टायरमध्ये दाब इतका कमी केल्यास दगडाच्या आघाताने टायर रिमपर्यंत दबून ट्यूब फुटते. रुंद टायरमध्ये हवेचे आकारमान अधिक असल्याने कमी दाब चालतो.

गुळगुळीत डांबरावर कडक टायर वेगवान वाटतो. खडीवर मात्र तो प्रत्येक खड्याबरोबर सायकल आणि स्वार दोघांनाही वर उचलतो. पुढे जाण्यासाठी लावलेली ऊर्जा अशा कंपनांत खर्च होते आणि शेवटी स्वाराच्या स्नायूंत उष्णतारूपाने विरून जाते. मऊ टायर लहान खडे स्वतःच्या आकारात सामावून घेतो. त्यामुळे ऊर्जा वाचते, पकड वाढते आणि थकवा कमी होतो.

या परिसरात तीन पृष्ठभाग मुख्यत्वे आढळतात. पहिला, पाणंदीतील काळी माती. उन्हाळ्यात ती दगडासारखी कडक होते व बैलगाडी-ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या तिच्यात घट्ट बसतात. पावसाळ्यात ती चाकाला लिंपून चाक फिरणेच बंद पाडते. दुसरा, मुरूम. बेसाल्ट खडक कुजून तयार झालेला हा भुसभुशीत थर पाण्याचा निचरा करतो व दाबला की घट्ट बसतो, म्हणून सायकलीसाठी तो सर्वांत अनुकूल होय. तिसरा, जांभा. सच्छिद्र, खडबडीत आणि ओला असताना शेवाळामुळे निसरडा असलेला हा दगड सर्वाधिक दक्षता मागतो.

सडा : ओसाड की समृद्ध ?

युरोपात ग्रॅव्हल सायकलिंगचे अनेक लोकप्रिय मार्ग 'हीथ' नावाच्या झुडपी माळरानांतून जातात. जर्मनीतील ल्युनेबुर्ग आणि नेदरलँड्समधील फेलुवे ही त्याची परिचित उदाहरणे. तेथील जमीन वालुकामय, आम्लधर्मी व निकस असते. आपल्याकडील जांभ्याचे सडे भूशास्त्रीय दृष्ट्या सर्वस्वी वेगळे आहेत. हीथ बऱ्याच अंशी चराई व माती-झुडपांची कापणी यांतून शतकानुशतके घडले, तर सडा मुख्यतः खडकाच्या रासायनिक विदारणातून घडला. भरपूर पाऊस व उष्णता यांमुळे बेसाल्टमधील विद्राव्य घटक वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली, तोच जांभा. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये मलबारातील या दगडाला लॅटिनमधील 'वीट' या अर्थाच्या शब्दावरून इंग्रजी नाव दिले.

तरीही दोहोंत एक साम्य लक्षणीय आहे. पोषणद्रव्यांच्या अभावामुळे दोन्ही ठिकाणी मोठे वृक्ष सहजी वाढत नाहीत आणि कीटकभक्षी वनस्पती आढळतात. युरोपातील ओलसर हीथवर दवबिंदू ही वनस्पती वाढते. आपल्या सड्यांवर दवबिंदूबरोबरच सीतेची आसवे पावसाळ्यात जमीन जांभळी करून टाकतात. गेंद, कंदीलपुष्प, टोपली कारवी हे या अधिवासाचे इतर घटक. पन्हाळ्याजवळचे मसाई पठार आणि साताऱ्याचे कास पठार ही याची सुपरिचित उदाहरणे होत.

दुसरे साम्य अधिक चिंताजनक आहे. दोन्ही प्रदेशांना दीर्घकाळ 'पडीक' मानले गेले. नेदरलँड्समधील बहुतांश हीथ एकोणिसाव्या व विसाव्या शतकात शेती व पाइनच्या लागवडीखाली गेले. भारतात १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले आणि पुढे प्रसिद्ध झालेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहांत खडकाळ व झुडपी जमिनी याच सदरात मोडल्या. ज्या जमिनीवर झाड नाही ती निरुपयोगी, हे गृहीतक त्यामागे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील पठारांखाली बॉक्साइटचे साठे आहेत व काही ठिकाणी त्यांचे उत्खननही झाले आहे. पठाराचा वरचा थर एकदा निघाला की त्यावर झाडे लावून सडा परत मिळत नाही.

सायकलीचा परिणाम :

सायकल निरुपद्रवी आहे, असा सार्वत्रिक समज आहे. तो तपासून पाहणे आवश्यक ठरते. उभ्या माणसाचा भार पावलाच्या दीड-दोनशे चौरस सेंटिमीटरवर पसरतो. टायरचा मात्र जेमतेम २० चौरस सेंटिमीटरवर. शिवाय पाऊलखुणा तुटक असतात, तर चाकाची रेषा सलग असते आणि उतारावर तीच पाण्याची वाट बनते. कॅनडातील ओंटारियो प्रांताच्या पानझडी जंगलात थर्स्टन व रीडर यांनी केलेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चालणे व डोंगरी सायकल यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु तो निष्कर्ष खोल मातीच्या जंगलातील आहे. सड्यावर मातीचा थर अनेक ठिकाणी काही सेंटिमीटरचाच असतो आणि कंद व बीजे त्यातच पुढच्या पावसाची वाट पाहत असतात. तो थर निघाल्यास खाली उरतो केवळ दगड. म्हणून तेथील निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू करता येणार नाही.

अरण्यातील मर्यादा वेगळ्या आहेत. दाजीपूर हे राज्यातील पहिले अभयारण्य १९५८ मध्ये गव्यांसाठी घोषित झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २७ व २८ अन्वये अभयारण्यातील प्रवेश नियंत्रित असून पर्यटकांना परवाना लागतो. सायकलीचा आवाज होत नाही, हा गुण येथे दोष ठरू शकतो; वळणावर अचानक समोर आलेला स्वार गव्याला बिथरवू शकतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. कागल परिसरातील पाणंदी व मुरुमाचे रस्ते ऑक्टोबर ते मे या काळात ग्रॅव्हल सायकलिंगला अनुकूल असून त्यांवर पर्यावरणीय भार अत्यल्प पडतो. सड्यावर पावसाळ्यात व त्यानंतर माती ओली असेपर्यंत चाक नेऊ नये. इतर वेळी रुळलेली गाडीवाट किंवा उघडा कातळ सोडू नये. अभयारण्यात परवानगी, ठरलेला रस्ता आणि दिवसाउजेडाची वेळ ही तीन बंधने पाळावीत.

महाविद्यालयांना यात अध्यापनाची संधीही आहे. टायरचा दाब व संपर्कक्षेत्र यांचे मापन भौतिकशास्त्राचे विद्यार्थी करू शकतील. चाकोरीवरील व तिच्या बाहेरील वनस्पतींची चौकट पद्धतीने गणना वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी करू शकतील. अशा नोंदी काही वर्षे सातत्याने ठेवल्यास सड्यांविषयीच्या चर्चेला स्थानिक आधार मिळेल. महसुली दप्तरात 'पोटखराबा' म्हणून नोंदलेल्या जमिनीकडे पाहण्याची दृष्टी बदलायची असेल, तर ती जमीन जवळून पाहिलेले लोक वाढले पाहिजेत. मोटारीतून ती दिसत नाही. सायकलच्या गतीने जाणाऱ्यास ती दिसते, फक्त कोठे उतरून पायी चालायचे हे त्याला ठाऊक असले पाहिजे.