टाकीची खूण

संपादकांनी एक पुस्तिका माझ्यापुढे सरकवली. चाळीस पानं, जाड मऊ कागद, मुखपृष्ठावर काळ्या दगडाचा जवळून घेतलेला फोटो. पाटा-वरवंटा, खलबत्ता, पोळपाट, हातभर छोटं जातं अशा वस्तू शहरांतल्या घरांना विकू पाहणाऱ्या एका नव्या व्यवसायाची ती ओळख-नियमावली होती. लोगो किती मोठा छापायचा, त्याच्याभोवती किती जागा मोकळी सोडायची, काळा रंग नेमका कोणता, फोटोत उजेड कुठून यावा, जाहिरातीत कोणते शब्द यावेत आणि कोणते येऊ नयेत, सगळं त्यात होतं. शेवटाकडच्या एका पानावर जात्याशी बसलेल्या बाईचं रेखाचित्र होतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत सूचना होती: इथे बहिणाबाईंच्या ओळी घालाव्यात.

"असोद्याला जाऊन या," संपादक म्हणाले. "मग सांगा, हे बरोबर आहे की नाही."

असोदा जळगावपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. तापीच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन, केळीच्या बागा आणि हिरवी मोठी वांगी. या वांग्यांमुळे गावाला ओळखीचा कारभार नवा नाही. 'जळगाव भरीताची वांगी' याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यासाठी अर्ज केला होता तो असोद्याच्याच नवनिर्मिती शेतकरी मंडळाने. वांगं कोणतं, कुठलं, त्याला जळगावचं का म्हणायचं, हे गावाने कागदावर लिहून सिद्ध केलं. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मानांकन मिळालं.

गावाची दुसरी ओळख त्याहून जुनी. बहिणाबाईंचा जन्म इथे महाजनांच्या घरात १८८० साली झाला. लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींकडे गेल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कामं करता करता गाणी रचत राहिल्या. ती उतरवून घेतली मुलगा सोपानदेवांनी आणि घरातल्याच दुसऱ्या एका नातेवाइकाने. १९५१ साली त्या गेल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली 'बहिणाबाईची गाणी' छापून आली. २०१८ पासून जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखलं जातं. एवढं सगळं शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. पुस्तिकेला मात्र एक गोष्ट ठाऊक नव्हती. इकडे बायका 'जातं' म्हणत नाहीत, 'घरोट' म्हणतात. बहिणाबाईंच्या गाण्यातही तो शब्द आहे.

मला घरोट दाखवलं एका आजींनी. मागच्या अंगणात, निंबाच्या झाडाखाली, दोन्ही तळ्या एकमेकींवर तशाच. खुंटा कधीच निघालेला. वरच्या तळीवर तुळशीची कुंडी ठेवलेली.

"मोडलं नाही भाऊ, बंद केलं," आजी म्हणाल्या. "चक्की आली, मग कोन दळतं? पन टाकवत नाही ना. लग्नाची हळद याच्यावरच दळली होती."

कुंडी बाजूला करून आम्ही दोघांनी वरची तळी उचलली. म्हणजे उचलायला गेलो, ती जेमतेम बोटभर हलली. दीड फूट रुंदीची, वीतभराहून कमी जाडीची ती चकती तीस किलोच्या आसपास असावी. आपल्या डोंगरातला काळा पाषाण पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो. शेवटी तळी सरकवून कलती केली आणि आतली बाजू दिसली. मला वाटलं होतं, सपाट असेल. तशी ती नव्हती. खालची तळी मध्यभागी किंचित फुगीर, वरची तेवढीच खोलगट, आणि दोन्हींवर दाट टिंबं, पाऊस पडून गेल्यावर धुळीत उमटावीत तशी.

त्या टिंबांसाठी मग मी जळगावच्या वेशीवर रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या एका पाथरवटाकडे गेलो आणि तिथे दोन दिवस रमलो.

पन्नाशीचा माणूस. पुढ्यात सुतकी, घण, दोन छिन्न्या आणि कापडात गुंडाळलेल्या सहा टाक्या. दगड निवडताना तो आधी पाहत नाही, ऐकतो. सुतकीने हलकेच ठोकतो आणि कान तिकडे करतो. दगड खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत चीर आहे, बाजूला टाका. मला त्याने दोन दगड वाजवायला दिले. पहिल्या दिवशी फरक कळला नाही, दुसऱ्या दिवशी कळला. त्याला माझ्याइतकाच आनंद झाला.

जात्याचं काम त्याने मला खडूने जमिनीवर काढून समजावलं. वरच्या तळीच्या तोंडातून दाणा आत पडतो. तिथे दोन दगडांमध्ये फट मोठी असते, दाणा नुसता फुटतो. वरची तळी फिरते तसा तो कडेकडे ढकलला जातो आणि फट आवळत जाते, म्हणून आधी भरड, मग रवा, मग पीठ. सगळी तळी मधल्या खिळीवर तोललेली. पीठ दळायचं नसून डाळ भरडायची असेल तर खिळीपाशी चिंधीची किंवा कातड्याची चकती घालायची, वरची तळी तेवढी उचलली जाते. एका चिंधीच्या जाडीने जात्याचं काम बदलतं. कळण्याचं पीठ, म्हणजे ज्वारीबरोबर उडीद दळून केलेलं, आणि भरडलेली डाळ, दोन्ही एकाच दगडातून निघतात ती अशी.

आणि टिंबं. दाणा दगडाच्या वजनाने चिरडला जात नाही, या टिंबांच्या कडांनी कातरला जातो. दळून दळून त्या कडा झिजतात, दगड गुळगुळीत होतो, पीठ जाडं पडू लागतं. मग टाकी लावायची. पूर्वी उन्हाळ्यात गल्लोगल्ली हाक यायची, ती याच कामासाठी. टाकी हलक्या हाताने धरायची, टोक दगडावर तिरकं, हातोडीचे ठोके छोटे आणि एकसारखे. त्याचा डावा हात ठोक्यागणिक दोन-तीन मिलिमीटर सरकत होता, पण मोजपट्टी नव्हती, डोळ्यासमोर रेघ नव्हती. मधून मधून तो हातोडी ठेवायचा आणि उघडा तळवा दगडावरून फिरवायचा. कुठे उंचवटा राहिलाय ते तळव्याला कळतं. टाकी बोथट झाली की कापडातली दुसरी घ्यायची. बोथट झालेल्या संध्याकाळी भट्टीत तापवून, ठोकून, पाणी पाजून पुन्हा धारेला आणायच्या. टाकीला पाणी पाजणं चुकलं तर एकतर टोक मुडपतं नाहीतर तुटून उडतं.

मी विचारलं, तुमचं काम तुम्हाला ओळखू येतं का?

त्याने बाजूचे दोन पाटे माझ्यासमोर उभे केले. एकावरची टिंबं उजवीकडे कललेली, दुसऱ्यावरची डावीकडे. "हा माझा. हा मोठ्या भावाचा, तो डावखुरा होता." भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. पाटा विकायचा नाही म्हणून ठेवलाय.

पुस्तिका माझ्या पिशवीत होती. तिच्यात लोगोसाठी सहा पानं होती, आणि दगडावर आधीपासून असलेली ही सही एकाही पानावर नव्हती.

इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत या दगडाचा मोठा इतिहास उभा आहे. अजिंठ्याची लेणी याच काळ्या पाषाणात कोरली. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. लेणं कोणी करवून घेतलं हे त्यातून कळतं. कोणी कोरलं ते कळत नाही. पण चाळीसगावच्या पलीकडे, सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याला एक वेगळी गोष्ट सापडली. दोन हजार वर्षांहून जुनी एका यक्षाची मूर्ती, चेहऱ्यावर हसू, आणि तिच्या हातावर ब्राह्मीत कोरलेलं: हे कण्हदासाने केलं. पुढे त्याचा धंदाही दिलेला आहे, सोनार. हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलेली ती मूर्ती म्हणजे दगडी मालावरची आपल्या मुलखातली सर्वांत जुनी मुद्रा, असं मी मानतो.

मधल्या काळात मात्र दगडाचं काम करणाऱ्या लोकांवर उलटाच शिक्का बसला. गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावणाऱ्यांना 'टकारी' म्हणत, हातातल्या हत्याराचंच नाव. जाती घडवणारे वडार, पाथरवट वेगळे. सगळ्यांचं पोट फिरण्यावर. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि टकारी त्या यादीत गेले. हजेरी, दाखले, गावाबाहेर जायला परवानगी. जो माणूस घराघरांतली पिठाची सोय करत होता त्याची सरकारदरबारी ओळख जन्मजात गुन्हेगार. तो कायदा रद्द झाला १९५२ साली, म्हणजे बहिणाबाईंची गाणी छापून आली त्याच वर्षी. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ज्यांनी वाचलं आहे त्यांना हा शिक्का कायद्याबरोबर पुसला गेला नाही हे सांगायला नको. दळणाऱ्या बाईचं नाव विद्यापीठाला लागलं, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण तिच्या घरोटाला टाकी लावून गेला तो कोण, हे कुठल्याही संग्रहात नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, बायकांची नावं-गावं लिहून ठेवली. टाकी लावणाऱ्यांसाठी असं काम व्हायला हवं होतं.

परत आल्यावर मी पुस्तिका पुन्हा वाचली, या वेळी पाथरवटाच्या बाजूने. अडचणी एकेक करून वर येऊ लागल्या.

पहिली रंगाची. नियमावलीत काळा रंग एकच, त्याचा नंबर दिलेला. खाणीतून आलेला हा दगड काळा नसतोच, राखाडी असतो. वर्षानुवर्षं तेल, मिरची, खोबरं वाटून तो काळा होतो. ग्राहकाला पहिल्या दिवशीच काळा हवा म्हणून काही ठिकाणी दगडाला रंग आणि तेल चोपडून विकतात. घरी नेऊन चटणी वाटली की काळं पाणी सुटतं. हे पाथरवटाने मला ओल्या फडक्याने पुसून दाखवलं, बाजारातून कोणीतरी त्याच्याकडे टाकी लावायला आणलेल्या खलावर. फडकं काळं झालं. तो काही बोलला नाही, फडकं धुऊन वाळत घातलं.

दुसरी मापाची. प्रत्येक नग सारखा, मिलिमीटरपर्यंत, अशी अट आहे. हाताने घडवलेला दगड असा निघत नाही. अट पाळायची तर यंत्राच्या चकतीने कापावा लागतो, आणि मग वर 'हाताने घडवलेलं' असं लिहिता येत नाही. दोन्ही एकाच पुस्तिकेत आहेत, सोळाव्या पानावर एक, तिसाव्या पानावर दुसरं.

तिसरी लोगोची. पाट्याच्या खालच्या बाजूला लेझरने बारीक रेषांचं चिन्ह कोरायचं आहे. या दगडात बारीक भोकं असतात, लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले त्यांची. केसाएवढी रेष भोकाशी येऊन तुटते. रेष टाकीच्या एका घावाएवढी जाड असेल तरच टिकते. हे सांगायला डिझायनर लागत नाही, पाथरवटाला एकदा विचारायला हवं होतं.

चौथी वजनाची. पंधरा-सोळा किलोचा पाटा पेटीत घालून दुसऱ्या शहरात पोचवायचा तर भाडं किलोवर लागतं, आणि वाटेत कोपरा उडाला तर माल परत. म्हणून पाटे लहान, पातळ होत चाललेत. पातळ पाटा वाटताना सरकतो. बाई कंटाळते आणि पुन्हा मिक्सर काढते. मिक्सरशी भांडण नाही माझं. त्याने बायकांचे खांदे वाचवले. पहाटे चारला उठून पाच माणसांचं पीठ दळणाऱ्या पोरीच्या हातांना विचारलं तर तीही तेच सांगेल. घरोट परत यावं असं आजींनाही वाटत नव्हतं. पण पुरण, ठेचा, ओला मसाला यांना दगडच लागतो हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आणि पाचवी, ज्यापुढे बाकीच्या किरकोळ वाटतात. पाथरवटाची दोन्ही मुलं या धंद्यात नाहीत. एक ट्रॅक्टरवर आहे, दुसरा गुजरातेत कारखान्यात. दगड आणायचा तर खाणवाल्याकडून विकत, कारण गौण खनिजाचा परवाना त्याच्या आवाक्यात नाही. एका पाट्याला दीड दिवस लागतो. शहरात तोच पाटा किती रुपयांना जातो हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने हातोडी खाली ठेवली आणि आकडा पुन्हा विचारला. धूळ नाकातोंडात जाते, तोंडाला पंचा बांधतो एवढीच सोय. नियमावलीत त्याच्यासाठी एक ओळ आहे: 'आमचे कुशल कारागीर'. नाव नाही, गाव नाही, मजुरी नाही.

आपल्याकडे मूल जन्मलं की पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून पूजा करतात, त्यावरूनच 'पाचवीला पुजलेलं' हा शब्दप्रयोग आला. बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात आधी त्याला जोजवतात. इतक्या जवळच्या वस्तूची ओळख सांगायला बाहेरून उसना देखावा आणावा लागत नाही.

मी संपादकांना पुस्तिका परत केली आणि सोबत एक पान लिहून दिलं, त्या व्यवसायाला पाठवण्यासाठी. बहिणाबाईंच्या ओळी काढा. त्यांनी दळलं ते घरच्यांसाठी, तुमच्या पेटीसाठी नव्हे. काळ्या रंगाचा नंबर काढा, दगड आहे तसा राखाडी विका, आणि तो कसा काळा होतो ते लिहा. मापात बोटभर सूट द्या. प्रत्येक पाट्याच्या खाली, टाकीनेच, घडवणाऱ्याचं नाव आणि गाव कोरा, आणि त्या कोरण्याची वेगळी मजुरी द्या. लोगो कागदी पेटीवर राहू दे.

तुम्ही कधी दगडाचा पाटा किंवा खल घ्यायला गेलात तर तीन गोष्टी करा. चावीने ठोकून आवाज ऐका. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहा. आणि हा कोणी घडवला, ते विकणाऱ्याला विचारा. घरी आणल्यावर आधी मूठभर तांदूळ आणि जाडं मीठ त्यावर वाटून फेकून द्या, पीठ पांढरं स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीनदा. मग चटणी वाटा.